मागचे टायर कधीचे?

गेल्या वर्षी जुलैत, शाळा सुटल्यावर पाचगणीहून वाईला उतरताना पसरणी घाटात माझी गाडी घसरली. वेग तीसच्या आसपास. धुकं होतं, पण पुढचं वळण दिसत होतं. पाऊस म्हणावा असा नव्हताच, नुसती भुरभुर. एका डाव्या वळणावर स्टिअरिंग वळवलं, ब्रेकवर जरा पाय ठेवला आणि पाठीमागून कुणी गाडी ओढून घ्यावी तशी तिची मागची बाजू उजवीकडे, दरीच्या अंगाला निघाली. पुढची चाकं माझं ऐकत होती, मागची ऐकत नव्हती. गाडी रस्त्यावर आडवी झाली, तोंड डोंगराकडे वळलं आणि डाव्या हाताच्या गटारात पुढचं चाक उतरून थांबली. समोरून काही येत नव्हतं. एवढ्या एका गोष्टीवर सगळं निभावलं. वर येणारी एखादी एस.टी. त्या क्षणी वळणावर असती तर हे लिहायला मी कदाचित नसते.

मागून येणाऱ्या पिकअपमधल्या दोघांनी गाडी ढकलून बाहेर काढून दिली. घरी पोचले तेव्हा आबा पडवीत चहा घेत होते. आबा वाई डेपोला एस.टी.चे चालक होते, एकतीस वर्षं. त्यातली निम्मी तरी महाबळेश्वरच्या फेऱ्यांवर गेली. मी सगळं सांगितलं. वेग किती होता हे त्यांनी विचारलं नाही. ब्रेक मारलास का, तेही नाही. कप खाली ठेवला आणि म्हणाले,

"मागची टायरं कवाची?"

मागचे टायर गाडी घेतली तेव्हाचे, पाच वर्षांचे. पुढचे आठ महिन्यांपूर्वी बदललेले. पुढचे दोन गोटा झाले होते म्हणून दुकानात गेले, दुकानदार म्हणाला मागचे अजून वर्षभर जातील, नवे दोन पुढे टाकू, इंजिनाचा जोर पुढच्याच चाकांवर असतो. मला ते पटलं. कुणालाही पटेल असंच आहे ते.

आबा टॉर्च घेऊन अंगणात गेले. गुडघा धरत धरत मागच्या चाकाशी बसले. काडेपेटीतली एक काडी काढून टायरच्या खाचेत उभी रोवली, खाचेच्या काठाशी नखाने खूण केली आणि काडी माझ्या हातात दिली. मी पट्टीवर मोजलं. अडीच मिलिमीटर भरलं. नव्या टायरची खाच आठच्या आसपास असते. 1.6 मिलिमीटर ही कायद्याची हद्द, आणि ती ओळखता यावी म्हणून खाचेच्या तळाशी तेवढ्याच उंचीच्या बारीक आडव्या पट्ट्या बनवताना घातलेल्या असतात. नक्षी झिजून त्या पट्ट्यांना टेकली की टायर संपला. म्हणजे माझे मागचे टायर कायद्याने चांगले होते. कुठल्याही तपासणीत पास झाले असते.

त्या रात्री मी कागद घेऊन बसले. शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे भीती वाटली की आकडेमोड करायची ही माझी जुनी सवय. गाडी साधारण 900 किलो, वर मी आणि माझी बॅग. टायरमधली हवा 33 पीएसआय. वजनाला दाबाने भागलं की रस्त्याला टेकलेलं क्षेत्रफळ निघतं. एका टायरच्या वाट्याला साधारण 100 चौरस सेंटिमीटर येतात. माझा तळहात बोटं सोडून तेवढाच आहे. चार तळहात. रोज सकाळी वाईतून निघते, साधारण 600 मीटर उंची चढून पाचगणीला पोचते, संध्याकाळी तेवढीच उतरते. जाऊन-येऊन पंचवीसेक किलोमीटर होतात. प्रत्येक चाक त्यात पावणेतेरा हजार वेळा फिरतं. हे सगळं चार तळहातांवर चाललेलं असतं. उतारावर ब्रेक लागला की वजन पुढे झुकतं, मागचे दोन तळहात उचलल्यासारखे हलके होतात. त्यातच ते झिजलेले असले तर खालचं पाणी आणि चिखल बाजूला सारायला खाचच उरत नाही.

आता गुंता असा की आबांनी बोट मागच्या टायरांवर ठेवलं, पण त्यांचा स्वतःचा नियम नेमका उलटा होता. एस.टी.त नवा टायर पुढे लावायचा आणि रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवी नक्षी चढवलेला, मागे, यात कुणी वाद घालत नसे. लहानपणी मी डेपोत जायचे तेव्हा गाडी काढण्याआधी आबा लोखंडी पहार घेऊन सहाही टायर ठोकत फिरायचे. टणक आवाज आला तर हवा आहे. भदभद आवाज आला तर मागच्या जोडीतला आतला टायर बसलेला आहे. तो डोळ्यांनी दिसत नाही, कानानेच कळतो. पुढच्या दोन चाकांशी मात्र ते थांबायचे, वाकून बोटं फिरवायचे. "पुढचं फुटलं तर गाडी हातात ऱ्हात न्हाय," हे मी लाख वेळा ऐकलेलं. मग दुकानदार काय चुकला?

मी त्यांना विचारलं. आबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "बसला मागं चार असत्यात. एक गेलं तर शेजारचं धरतं. तुझ्या गाडीला शेजारी हाय कोण?"

मला इतका चांगला खुलासा नंतर कुठल्याही लेखात सापडला नाही. टायर बनवणाऱ्या कंपन्याही आता हेच सांगतात की दोनच नवे घेतले तर ते मागे लावा, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाऊ बघते, आपल्याला ते स्टिअरिंगमध्ये जाणवतं, पाय उचलला की बहुतेक वेळा सावरतं. मागची सुटली तर गाडी गरकन फिरते आणि कळेपर्यंत उशीर झालेला असतो. एकतीस वर्षं बस चालवलेल्या माणसाने बसचा नियम जसाच्या तसा माझ्या गाडीवर लादला नाही. त्या नियमामागचं कारण काढून माझ्या गाडीला लावून पाहिलं. मी वर्गात मुलांना हेच शिकवायची धडपड करते आणि फार थोड्या वेळा जमतं.

चारही टायर बदलायचे ठरलं. कुठले, हे ठरायला तीन आठवडे लागले.

माझा भाचा माँट्रियलला असतो. त्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "मावशी, ऑल-सीझन परफॉर्मन्स घे, रोजच्या गाडीला तेच बरे." आपल्याकडे दुकानात ऋतूचं नाव घेऊन टायर मागायची पद्धतच नाही, म्हणून मी त्याला खोदून विचारलं. त्याच्याकडे नोव्हेंबर सरता सरता सगळं शहर टायर बदलायला रांगेत उभं असतं. क्यूबेक प्रांतात 1 डिसेंबर ते 15 मार्च हिवाळी टायर लावणं कायद्याने सक्तीचं आहे, आणि टायरवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमाचं फूल असं चिन्ह लागतं. नुसतं ऑल-सीझन लिहिलेलं तिथे चालत नाही. गंमत म्हणजे तिथल्या फ्रेंचमध्ये ऑल-सीझनला 'चार ऋतूंचे टायर' म्हणतात, आणि त्या चारातल्या एका ऋतूत ते काढूनच ठेवावे लागतात.

कारण रबरातच आहे. उन्हाळ्यासाठी बनवलेलं रबर साधारण 7 अंशांच्या खाली कडक होत जातं, रस्त्याच्या बारीक खडबडीत शिरत नाही. हिवाळ्यासाठी बनवलेलं रबर मऊच राहतं, पण तेच उन्हात भराभर झिजतं आणि वळणावर लिबलिबतं. ऑल-सीझन या दोघांच्या मध्ये. त्याला पुढे परफॉर्मन्स जोडलं की अर्थ असा की या तडजोडीतही ब्रेक आणि वळण यांच्याकडे जास्त लक्ष दिलेलं आहे, टिकाऊपणा थोडा कमी झाला तरी चालेल.

ही ओढाताण टायरपेक्षा जुनी आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही दोडामार्गकडे गेलो होतो. तिथे केरळहून येऊन स्थायिक झालेल्या शेतकऱ्यांनी रबराच्या बागा लावल्या आहेत. सकाळी झाडाच्या सालीवर तिरका छेद देतात आणि खाली बांधलेल्या वाटीत चीक थेंबथेंब गळत राहतो. दुधासारखा पांढरा. बोटाला लावला तर सुकून त्याची कातडी होते. हे कच्चं रबर उकाड्यात चिकटतं आणि थंडीत कडक होऊन चिरतं. चार्ल्स गुडइयरने 1839 मध्ये अमेरिकेत गंधक मिसळलेलं रबर तापवून पाहिलं आणि ते दोन्ही ऋतूंत टिकायला लागलं. रबर सगळ्या ऋतूंत सारखं वागावं, एवढंच त्याला हवं होतं. (त्याच्या नावाची टायर कंपनी निघाली ती 1898 मध्ये. तो 1860 सालीच गेला होता, तोही कर्जात.) त्यानंतरचं मोठं पाऊल, मला विचाराल तर, 1990 च्या दशकात सर्रास वापरात आलेली सिलिका. आधी रबराला बळकटी द्यायला मुख्यतः काजळी घालत, टायर काळा दिसतो तो तिच्यामुळे. सिलिका घातल्यावर ओल्या रस्त्यावरची पकड सुधारली आणि चाक फिरताना वाया जाणारी ताकदही कमी झाली. त्याआधी या दोन गोष्टी एकत्र मिळत नसत.

मग आमच्या घाटाला कुठला ऋतू लावायचा? आम्हाला हिमाचं फूल नको. वेण्णा तलावाकाठी दंव गोठल्याच्या बातम्या येतात तेवढीच आमची थंडी. पण एप्रिलमध्ये वाईत दुपारी डांबर मऊ पडतं, तेच टायर जुलैत पाचगणीच्या धुक्यात महिना महिना ओल्या रस्त्यावर फिरतात. पहिल्या पावसात रस्त्यावर साठलेली धूळ आणि तेल मिळून साबणासारखा थर होतो. ऑगस्टपर्यंत डोंगराच्या सावलीतल्या कडांवर शेवाळ धरतं. वर पर्यटकांच्या गाड्यांची रांग, तिच्यात अर्धं क्लच अर्धं ब्रेक. माझा ऋतू ओला आहे आणि उताराचा आहे, हे एकदा ठरल्यावर बाकीचं सोपं झालं.

लोक टायर घेताना पहिला प्रश्न विचारतात तो "किती किलोमीटर जाईल?" मीही आधी तोच विचारला होता. साताऱ्यातल्या ज्या दुकानात शेवटी गेले, तिथल्या मुलाने स्वतःहून तीन टायर समोर आडवे ठेवले. एक कडक रबराचा, भरपूर टिकणारा. दुसरा मधला. तिसरा महाग, रुंद उभ्या खाचांचा, एका टायरमागे दीड हजाराने जास्त. "मॅडम, हा परफॉर्मन्सचा. जास्त करून पोरं नेतात, फास्ट चालवायला." मी त्याला म्हटलं, "दादा, मला फास्ट नाही, थांबायला पाहिजे." त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि पहिला टायर उचलून बाजूला ठेवला.

मी त्या टायरांच्या अंगावरचं सगळं वाचलं. एरवी टायरवर इतकं काही लिहिलेलं असतं हे मी कधी वाकून पाहिलं नव्हतं. 185/65 आर 15, म्हणजे रुंदी 185 मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या 65 टक्के, रेडियल, 15 इंची रिम. पुढे 88 एच. 88 हा वजनाचा क्रमांक, एका टायरला 560 किलो. एच म्हणजे ताशी 210 किलोमीटरपर्यंतची मान्यता. त्या वेगाचा मला काय उपयोग, असं वाटेल, पण हे अक्षर टायर किती उष्णता सोसतो याचंही माप आहे, आणि गाडी बनवणाऱ्याने जे दिलंय त्याच्या खाली उतरू नये. मधल्या टायरवर अमेरिकी पद्धतीची श्रेणीही होती. झिजण्याचा आकडा आणि ओल्या रस्त्यावरच्या पकडीचं अक्षर. पकडीची अक्षरं चार, डबल ए, ए, बी आणि सी. ही चाचणी सरळ रस्त्यावरच्या ब्रेकची असते. वळणाबद्दल ते अक्षर काहीच सांगत नाही, आणि माझा प्रश्न तर वळणावरचाच होता. म्हणून त्या अक्षरावर मी पूर्ण विसंबले नाही. तरी झिजण्याचा आकडा फार मोठा असलेला टायर मी सोडला. आकडा मोठा म्हणजे रबर बहुधा कडक.

आणि तारीख. भिंतीवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पुष्कळदा ते एकाच बाजूला असतात, टायर उलटा केल्याशिवाय दिसत नाहीत. त्या मुलाने आणलेल्या चारांपैकी एकावर पडलेले आकडे दोन वर्षांपूर्वीचे होते, बाकीच्या तिघांवरचे चार महिन्यांपूर्वीचे. मी तो परत पाठवला. त्याने कुरकुर केली नाही, आतून दुसरा आणला. रबर नुसतं ठेवलं तरी म्हातारं होतं, आणि चारांत एक वेगळ्या वयाचा मला नको होता. वयाचा फटका मी नुकताच खाल्ला होता.

शेवटी तिसरा घेतला, महागाचा. चार टायरचे मिळून सहा हजार जास्त गेले. तो मधल्याइतका टिकणार नाही, हे मला माहीत आहे. पण टायर संपेपर्यंत वापरायचाच नाही असं मी ठरवलं आहे. तीन मिलिमीटरला काढायचा. त्यामुळे टिकाऊपणाचा हिशेब माझ्या दृष्टीने बदलून गेला.

आबा सोबत होते. टायर चढवून, बॅलन्सिंग करून, अलाइनमेंटच्या मशीनवर गाडी उभी राहिली तोवर ते खुर्चीत बसून एका नव्या टायरवरचे रबरी केस उपटत होते. साच्यातली हवा बाहेर पडायला बारीक भोकं ठेवतात, त्यांत रबर शिरतं, त्याचे हे केस. लहान मुलाचं जावळ काढावं तसे ते एकेक काढत होते. मुलाने नायट्रोजन भरू का विचारलं. साध्या हवेतच 78 टक्के नायट्रोजन असतो. मी नको म्हटलं, पण 33 नेमके भर, चाळीस नको, असं दोनदा सांगितलं. पंपावर पोरं हवा ठोकून भरतात आणि टायर मधल्या पट्टीवरच चालू लागतो. हवा कमी असली तर वेगळं संकट. नासाच्या वॉल्टर हॉर्न यांनी 1960 च्या दशकात विमानांच्या टायरवर प्रयोग करून मांडलेलं एक सूत्र आहे. साचलेल्या पाण्यावर चाक कुठल्या वेगाला तरंगू लागेल, ते हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर ठरतं. 33 पीएसआयला तो वेग ताशी 95 किलोमीटरच्या आसपास येतो, 25 ला 83 च्या. घाटात हा धोका नाही, तिथे इतका वेगच नसतो. पण शनिवारी पुण्याला जाताना खंबाटकी उतरून शिरवळकडे हायवेवर पाणी साचलेलं असतं तेव्हा हे आकडे मला आठवतात. आता दर रविवारी सकाळी, गाडी थंड असताना, मी स्वतः मापक लावते.

पहिले दोनशे किलोमीटर सांभाळून चालवले. नव्या टायरवर साच्यातून सुटायला लावलेला तुकतुकीत थर असतो, तो जाईपर्यंत पकड खरी नसते. मग एका रविवारी पाचगणीच्या पठारावर, मागेपुढे कुणी नसताना, ओल्या रस्त्यावर चाळीसच्या वेगाने दोनदा जोरात ब्रेक दाबला. टायर कुठवर धरतो हे अडचणीत सापडल्यावर कळण्यापेक्षा मोकळ्या रस्त्यावर पाहून घेतलेलं बरं. दुसऱ्या वेळी गाडी थांबली ती मी मनात धरलेल्या दगडाच्या बरीच अलीकडे.

आबांची एक जुनी छोटी वही आहे, एस.टी.त असतानाची. तिच्या मागच्या पानांवर आता माझ्या गाडीची नोंद सुरू झाली आहे. तारीख, मीटरचा आकडा, चारही टायरच्या खाचा मिलिमीटरमध्ये. काडी ते रोवतात, पट्टी मी धरते. आठ हजार किलोमीटरला पुढचे मागे, मागचे पुढे करून घेतले, तोपर्यंत पुढचे मागच्यांपेक्षा जेमतेम अर्धा मिलिमीटर जास्त झिजले होते. घाट असून एवढंच, म्हणून आबा खूश झाले. तू दुसऱ्या गिअरवर उतरतेस, ब्रेकवर नाही, त्याचं हे फळ, असं त्यांचं मत. गेल्या वर्षी गटारात गेलं ते चाक मात्र त्यांनी अजून वहीत लाल शाईने वेगळं ठेवलंय. रिम थोडं वाकलं होतं, ते सरळ करून घेतलं तरी त्याच्यावर त्यांचा विश्वास नाही.

यंदा जूनच्या पहिल्या पावसात त्यांना डोळे दाखवायला पाचगणीला नेलं होतं. परत येताना तसंच धुकं, तशीच भुरभुर. ते वळण जवळ आलं तसे माझे हात स्टिअरिंगवर आवळले गेले. वेग पंचवीस. वळणाच्या आधीच ब्रेक सोडला, दुसरा गिअर, डावीकडे वळवलं. गाडी वळली. मागची बाजू पुढच्याच्या पाठोपाठ आली. आबा उजवीकडे, खाली दिसणाऱ्या धोमच्या पाण्याकडे बघत होते आणि गेल्या खेपेपेक्षा यंदा धरण किती खाली गेलंय, याबद्दल काहीतरी सांगत होते.